खराट्याने जोडलेली माणसे

(बी. ए. भाग २)

आपल्या वऱ्हाडात एखाद्याने जुना धंदा सोडून नवा धरायचे ठरवले, की घरातली वडीलधारी माणसे त्याला पहिला प्रश्न विचारतात तो भांडवलाचा नसतो आणि शिक्षणाचाही नसतो. तिथे आपल्या ओळखीचे कोण आहे, हा तो प्रश्न! शेती सोडून दुकान टाकायचे असो, गाव सोडून मिलमध्ये लागायचे असो, की मास्तरकी सोडून वकिली करायची असो. ओळखीवाचून पाऊल टाकणे म्हणजे अमावास्येच्या रात्री पाणंदीने चालणे, अशी आपली जुनी समजूत आहे. ती अगदीच खोटी आहे, असे कोण म्हणेल? नवीन कामात माणूस उतरतो तेव्हा त्याचा अनुभव कोणी पाहिलेला नसतो. मग त्याच्या वतीने कोणीतरी दोन शब्द बोलावे लागतात. हे दोन शब्द बोलणारा माणूस म्हणजेच ओळख.

आमच्या घरचेच उदाहरण देते. माझे वडील मूर्तिजापूर तालुक्यात शेतमजुरी करीत असत. वर्षातले सहा महिने काम आणि सहा महिने वाट पाहणे, असा तो प्रकार. शेवटी त्यांनी अकोल्याच्या एका डाळमिलमध्ये हमाली धरली. ती मिळाली एका सोयऱ्याच्या शब्दावर. हा माणूस अर्ध्यातून पोते टाकून जाणारा नाही, एवढेच त्या सोयऱ्याने मुकादमाला सांगितले होते आणि वडिलांनी तो शब्द आजवर राखला आहे. आता आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वावरातून वर्गात येणे हेदेखील एका अर्थाने धंदा बदलणेच आहे. फरक इतकाच की, या नव्या वाटेने आमच्या सोयऱ्यांपैकी कोणीच आधी गेलेले नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम मागायला मी गेले होते. माझे गुण किती, अक्षर कसे, हे तिथे कोणी विचारले नाही. कोणाकडून आलीस, एवढेच विचारले. मी कोणाकडूनच आले नव्हते.

आपल्यापैकी पुष्कळांवर हा प्रसंग आलेला असेल किंवा पदवी हाती पडल्यावर येणार असेल. ज्याला कोणी ओळखत नाही त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एक चरित्र आठवले. ते दूरच्या देशातल्या कोणा उद्योगपतीचे नाही. ते आपल्याच अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या मातीतले आहे. श्री संत गाडगेबाबांचे! बाबांचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. हातात खराटा, अंगावर चिंध्यांचा अंगरखा, जवळ एक फुटके गाडगे. स्वच्छतेच्या मोहिमेत त्यांचे नाव घेतो, पुण्यतिथीला हार घालतो आणि थांबतो. पण त्यांचे चरित्र या एका प्रश्नाच्या दृष्टीने वाचले, तर ते निराळेच दिसू लागते. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी या माणसाने आपले काम बदलले आणि तेही असलेल्या सगळ्या ओळखी मागे टाकून. पुढच्या पन्नास वर्षांत मात्र गवंड्यापासून मुख्यमंत्र्यापर्यंत अवघा महाराष्ट्र त्यांच्या ओळखीचा झाला. हे कसे घडले?

अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी बाबांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जात परिटाची. गावाचे कपडे धुवावे आणि त्याबद्दल धान्य घ्यावे, हा पिढीजात व्यवसाय. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि डेबू लहान असतानाच वारले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, भावाच्या आश्रयाला आली. अशा रीतीने घाटावरचे काम सुटले आणि शेतावरचे हाती आले. डेबूच्या आयुष्यातला हा पहिला बदल त्याने निवडलेला नव्हता. तो वडिलांच्या मरणाने झाला. मामाकडे त्याने आधी गुरे राखली, मग औत हाकले. नांगरणी, वखरणी, डवरणी, सोंगणी या सगळ्या कामांत तो पटाईत झाला. पोहण्यातही त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. रात्री गावातल्या माणसांना जमवून भजन करण्याचा त्याला नाद होता. शाळा मात्र त्याच्या वाट्याला आली नाही.

तो काळ वऱ्हाडला कसा होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच. कापसामुळे अमरावती, अकोला, खामगाव या बाजारपेठा नावारूपाला आल्या होत्या, रेल्वे आली होती. पण कापूस पिकवणाऱ्या कुणब्याच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज वाढतच होते. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. डेबूच्या मामाची चांगली जमीन अशीच कर्जात गेली. मामाला लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावर काय लिहिले आहे, हे एकट्या सावकारालाच ठाऊक. हा धक्का मामाला सोसला नाही आणि त्यातच ते गेले. पुढे शेताचा ताबा घ्यायला सावकाराची माणसे आली तेव्हा डेबूने औत सोडले नाही आणि त्यांना बांधावरूनच परत पाठवले, अशी हकीकत चरित्रकारांनी दिली आहे. या प्रसंगातले धाडस सर्वजण सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. निरक्षर माणसाच्या बाजूने बोलायला कचेरीत कोणी नसते, हे त्या तरुणाने आपल्या घरातच पाहिले. पुढे आयुष्यभर आपल्या कीर्तनांतून ते लोकांना कर्ज काढू नका आणि काहीही करून मुलांना शिकवा, हे सांगत राहिले, त्याचे मूळ दापुऱ्याच्या त्या वावरात आहे.

गरीब माणसाजवळ एकच हक्काची ओळख असते आणि ती म्हणजे जातभाई आणि सोयरे. डेबूने तीही पणाला लावली. १८९२ साली त्याचे कुंताबाईंशी लग्न झाले. पहिली मुलगी झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे बारशाला दारू आणि मटणाचे जेवण द्यायचे होते. डेबूने ते देण्याचे नाकारले आणि गोडाचे जेवण घातले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण ज्यांच्या आधारावर जगायचे त्याच लोकांना भर पंगतीत दुखवणे किती कठीण असते, हे खेड्यातल्या माणसाला विचारावे! ज्या दारूने वडील गेले, ती दारू पाजून माणसे जोडायची नाहीत, हे त्याने त्या दिवशी ठरवले असावे. माणसे कशाने जोडायची, हे अजून ठरायचे होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. मागे आई, पत्नी आणि लहान मुले होती. पुढे काय करायचे, हे कोणाला सांगितले नव्हते. १९१७ पर्यंतची बारा वर्षे त्यांच्या अज्ञातवासाची म्हणून ओळखली जातात. आजच्या भाषेत सांगायचे तर हा माणूस एक पक्के काम सोडून दुसऱ्या कामात शिरत होता आणि त्या दुसऱ्या कामाला अजून नावही नव्हते. जवळ गुरूची शिफारस नव्हती, मठ नव्हता, पंथ नव्हता. घरापासून दूर गेल्यामुळे अमक्याचा भाचा किंवा तमक्याचा जावई, ही ओळखही संपली होती. अनोळखी गावात चिंध्या पांघरलेला माणूस शिरला, तर त्याला एक तर भिकारी समजत किंवा चोर.

मग बाबांनी काय केले? गावात शिरताच ते हाताला लागेल ते काम करू लागत. कोणाची गाडी चिखलात रुतली तर खांदा देत. कोणी लाकडे फोडत असेल तर कुऱ्हाड हाती घेत. शेतात कापणी चालली असेल तर पात धरत. हे सगळे न मागता आणि न सांगता. काम संपले की भाकरीचा तुकडा मिळाला तर घेत, नाही तर पुढे चालू लागत. गावचे रस्ते खराट्याने झाडणे हा तर त्यांचा नेम झाला. ज्या गावात त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसे, त्या गावाला संध्याकाळपर्यंत त्यांचे काम ठाऊक झालेले असे. आपण आधी नाव सांगतो, कोणाचे कोण ते सांगतो, आणि मग काम मागतो. बाबांनी हा क्रम उलटा केला. त्यांच्या बाजूने दोन शब्द बोलायला कोणी नव्हते, तेव्हा झाडलेला रस्ताच त्यांच्या बाजूने बोलू लागला.

त्यांची नावेसुद्धा अशीच लोकांनी दिलेली. कोणी गोधडेबुवा म्हणाले, कोणी चिंधेबुवा, कोणी लोटकेमहाराज. ज्या गाडग्यात ते भाकरी खात आणि पाणी पीत, त्यावरून पडलेले नाव शेवटी टिकले. डेबूजी जानोरकर हे नाव मागे पडले. त्याबरोबर जातही मागे पडली, असे मात्र समजू नये. जात विचारणारे भेटतच होते. पण त्यांना जे उत्तर मिळत असे ते कामाचे असे.

आता ऋणमोचनची गोष्ट. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी हे क्षेत्र आहे आणि पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीची दरड उंच, वाट चिखलाची. स्नानाला उतरणारी म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया घसरून पडत. बाबांनी तिथे फावडे आणि टोपले घेऊन एकट्यानेच पायवाट नीट करायला सुरुवात केली. यात्रेकरू आधी पाहत राहिले, मग एकाने टोपले उचलले, मग दुसऱ्याने. पुढे तिथे पक्का घाट झाला. यात बाबांनी कोणाला व्याख्यान दिले नाही किंवा कोणाच्या वाड्यावर अर्ज घेऊन गेले नाहीत. ज्यांनी एकत्र माती वाहिली त्या माणसांची एकमेकांशी ओळख झाली आणि ती पुढच्या कामाला उपयोगी पडली. मूर्तिजापूरचे गोरक्षण असो किंवा ठिकठिकाणची सदावर्ते असोत, त्यांच्या साऱ्या कामांची तऱ्हा हीच होती.

दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन, असा बाबांचा दिनक्रम होता. त्यांचे कीर्तन हे इतर कीर्तनांसारखे नसे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. भाषा आपली वऱ्हाडी, विषय रोजचे: कर्ज, दारू, नवसाचे बकरे, शिवाशिव, मुलांची शाळा. शेकडो अनोळखी माणसे रात्रभर एका आवाजात बोलत आणि हसत. पाटील आणि महार, शेटजी आणि हमाल एकाच मैदानात बसत. कीर्तन संपताच लोक पाया पडायला धावत आणि बाबा तिथून नाहीसे होत. पाया पडू देणे त्यांना मुळीच खपत नसे. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत राहिली. पायावर डोके ठेवणारा भक्त होतो, तो सहकारी राहत नाही, हे त्यांना कळले असावे. त्यांना माणसे हवी होती ती टोपले उचलणारी.

एवढ्या ओळखी जमवून बाबांनी त्यांचे केले काय? या प्रश्नाचे उत्तर पंढरपुरात आहे. आषाढी-कार्तिकीला लाखो माणसे तिथे येतात. ज्यांची बडव्यांशी ओळख, ज्यांच्या फडाचा मठ, ज्यांचा कोणी नातलग त्या गावात, त्यांची सोय होई. पण अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याने कुठे टेकायचे? संत चोखामेळ्यांची समाधी देवळाच्या पायरीशी, आणि त्यांच्या जातीच्या माणसाला दारातून आत जाता येत नसे. साने गुरुजींनी उपोषण केल्यानंतर १९४७ साली ते मंदिर सर्वांना खुले झाले. त्याच्या जवळजवळ एक पिढी आधी, १९१७ ते १९२० च्या सुमारास, बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. त्यानंतर पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी त्यांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या.

धर्मशाळा म्हणजे काय, याचा आपण कधी विचार केला आहे का? ज्याची त्या गावात ओळख आहे त्याला धर्मशाळा लागत नाही. तो आपल्या माणसाकडे उतरतो. ज्याला त्या शहरात कोणीच ओळखत नाही, त्याच्यासाठी धर्मशाळा असते. बाबांनी आयुष्यभर जोडलेल्या ओळखी अशा रीतीने विटा, चुना आणि पत्रे यांत खर्च केल्या. ज्याच्या वतीने बोलायला कोणी नाही, अशा माणसाच्या डोक्यावर त्यांनी छप्पर घातले. मला वाटते, त्यांच्या साऱ्या चरित्राचे सार याच एका गोष्टीत आहे.

या कामाला पैसा लागे आणि तो धनिकांकडूनच येई. यावर कोणी म्हणेल, की हाही वशिलाच झाला. पण बाबांची पद्धत पाहिली म्हणजे फरक कळतो. ते स्वतः पैशाला हात लावीत नसत. देणगी देणाऱ्याची गाठ ते थेट बांधकाम पाहणाऱ्यांशी आणि विश्वस्तांशी घालून देत. लिहिता येत नसल्यामुळे ते पत्रे दुसऱ्यांकडून लिहवून घेत आणि त्या पत्रांनी गावोगावची माणसे एकमेकांना बांधलेली राहत. बाबा आज इथे तर उद्या तिथे. पण धर्मशाळेचे काम थांबत नसे, कारण कामाची सूत्रे एकट्या बाबांच्या हाती ठेवलेलीच नव्हती. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी त्यांच्या संस्थांचा गाडगे महाराज मिशन हा विश्वस्त न्यास झाला. आपल्या मागे संस्था राहाव्यात आणि त्या कोणा घराण्याच्या होऊ नयेत, याची तजवीज त्यांनी हयातीतच केली. वशिल्यात दोघांचा फायदा होतो आणि तिसऱ्याचा हक्क जातो. बाबांच्या व्यवहारात फायदा होई तो त्या तिसऱ्याचाच.

मोठमोठ्या व्यक्तींशी त्यांचा संबंध आला तोही असाच. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर त्यांना फार मानीत. एवढी ओळख हाती आली असता बाबांनी ती कशासाठी वापरली? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे सरकारी अनुदान बंद झाले, तेव्हा ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून त्यांनी आपला शब्द टाकला. खेड्यातल्या गरीब मुलांच्या वसतिगृहांसाठी टाकलेला हा शब्द होता. याच संस्थेने १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचे नाव दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी त्यांना अपार आदर होता आणि बाबासाहेबांनाही त्यांच्याविषयी तो होता. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एक जगातल्या नामांकित विद्यापीठांचा पदवीधर आणि दुसरा अक्षरशत्रू! पण कोणाच्या मुलांसाठी काम करायचे, याविषयी दोघांत मतभेद नव्हता. आपल्याच जिल्ह्यातले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज वयाने तेहतीस वर्षांनी धाकटे. त्यांच्याशीही बाबांचा असाच जिव्हाळा होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी तर १९५२ साली, बाबा हयात असतानाच, त्यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले.

या ओळखींचा उपयोग घरच्यांसाठी मात्र बाबांनी कधीही केला नाही. लोकांसाठी इमारती उभ्या राहत होत्या आणि कुंताबाई झोपडीत राहत होत्या. कुटुंबातल्या माणसाने धर्मशाळेतले खाऊ नये, तिथे राहू नये, असा कडक दंडक होता. १९२३ साली मुलगा गोविंद पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने गेला. ती बातमी बाबांना कीर्तनात कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हे वाचताना आपली मान आदराने खाली जाते. पण एक मुलगी म्हणून माझ्या मनात एक प्रश्न उभा राहतो आणि तो लपवून ठेवणे मला बरे वाटत नाही. बाबांनी आपला मार्ग स्वतः निवडला. कुंताबाईंना कोणी विचारले होते का? लेकरे वाढवली त्यांनी, सासूला सांभाळले त्यांनी, आणि नवऱ्याच्या नावावर एक खोलीही मागितली नाही. बाबांच्या नावाने इतक्या संस्था उभ्या आहेत. त्या संस्थांच्या पायात कुंताबाईंचाही एक दगड आहे, हे आपल्या चरित्रलेखकांनी अधिक ठळकपणे सांगायला हवे होते. धंदा बदलणाऱ्या प्रत्येक माणसामागे घरात कोणीतरी त्याची किंमत मोजत असते. माझ्या वडिलांनी अकोला धरले तेव्हा गावचे घर आईने एकटीने चालवले, हे मी पाहिले आहे.

उतारवयात बाबांचे लक्ष मुंबईच्या इस्पितळांकडे गेले. खेड्यातला माणूस रोग्याला घेऊन मुंबईला येतो. रोग्याला खाट मिळते. पण त्याच्याबरोबर आलेली आई किंवा भाऊ फुटपाथवर निजतो. त्या अफाट शहरात त्याला ओळखणारे कोण? १९५४ च्या सुमारास जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. पुढे बाबांच्या पश्चात मिशनने दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी अशीच सोय केली. आजही वऱ्हाडातला माणूस दुखणे घेऊन मुंबईला निघाला, की त्याला गावातले कोणीतरी या धर्मशाळेचा पत्ता सांगते. मुंबईत आपले कोणी नाही, असे म्हणणाऱ्याला मुंबईत एक पत्ता मिळतो.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी बाबांनी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यासमोर शेवटचे मोठे कीर्तन केले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच, बाबांची प्राणज्योत मालवली. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. त्यांच्या नावावर घर नव्हते, शेत नव्हते. ज्यांना ते नावानिशी ओळखत होते अशी माणसे मात्र गावोगाव होती आणि ती दुसऱ्या दिवशीही कामाला लागली.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. आपण काही संत होणार नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करणार नाही. आपल्याला नोकरी हवी आहे, घरच्यांना हातभार लावायचा आहे. त्यासाठी ओळखी लागतील, तर त्या करण्यात कमीपणा कसला? आजकाल ज्याला नेटवर्किंग म्हणतात त्याच्यावर व्याख्याने होतात. मोबाईलमध्ये पाचशे नंबर असलेला मुलगा स्वतःला भाग्यवान समजतो. पण त्या पाचशेंपैकी किती जणांनी त्याला काही काम करताना पाहिले आहे? ज्याने आपल्याला कधी काम करताना पाहिले नाही तो आपल्या वतीने काय बोलणार? बाबांच्या चरित्राने मला एवढे शिकवले की, ज्याच्याकडे ओळख नाही त्याच्याकडेही आपले काम असते आणि ते चार माणसांच्या डोळ्यांसमोर, वेळेवर आणि नीट करता येते. वाचनालयातली पुस्तके लावणे असो, स्नेहसंमेलनाचा हिशेब असो, की राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातला बंधारा असो. आपली पहिली ओळख तिथेच होते. मला त्या दुकानात काम मिळाले नाही. त्यानंतर मी आमच्या वस्तीतल्या एका महिला बचत गटाचे हिशेबाचे वही-खाते लिहायला घेतले. तिथल्या बायांनी मला कोणाकडून आलीस, असे विचारले नाही. बेरीज जुळली की नाही, एवढे पाहिले. आज कोणी विचारले तर माझ्या वतीने त्या दहाजणी बोलतील.

वशिल्याने होणारा अन्याय एकट्याच्या कष्टाने दूर होतो, असे मात्र मला म्हणायचे नाही. झाडलेला रस्ता पाहूनही तोंड फिरवणारी माणसे बाबांनाही भेटली. म्हणूनच त्यांनी नुसते कष्ट केले नाहीत, तर ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्यासाठी जागा बांधल्या. वसतिगृह, शिष्यवृत्ती, ग्रंथालय, गुणांवर होणारी निवड या साऱ्या त्याच जातीच्या गोष्टी आहेत. त्या टिकल्या, तरच माझ्यासारखीला कोणाकडून न येताही आत येता येते.

१ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ साली संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांचे नाव अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा आणि यवतमाळ या पाच जिल्ह्यांतील मुलामुलींच्या पदवीपत्रांवर छापले जाते. आपल्याही पदवीपत्रावर ते असेल. येत्या जूनमध्ये दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूरकडून नवी मुले-मुली हातात दाखल्यांची पिशवी घेऊन आपल्या कॉलेजच्या फाटकात उभी राहतील. प्रवेशाचा अर्ज कुठे मिळतो, शिष्यवृत्तीचा कोणता कागद लागतो, वसतिगृहाचे कोणाला भेटायचे, हे त्यांना ठाऊक नसेल आणि इथे त्यांच्या ओळखीचे कोणी नसेल. तेव्हा आपण दोन-चार जणांनी सकाळी जरा लवकर येऊन फाटकापाशी उभे राहावे.